घरच्या खोलींतील ध्वनिमुद्रण
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं कांहींसा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. गाणें कसें म्हणावें, भाषण कसें करावें, हें सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या खोलींत बसून तें गावयाचें अथवा बोलावयाचें, त्या खोलीची तयारी कशी करावी, हें सांगणारे फारसे भेटत नाहींत. हल्लीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र घरोघर, नव्हे प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसलें आहे. पूर्वीं गवयाला आपली तबकडी काढावयाची म्हणजे मोठ्या शहराची वाट धरावी लागे. आतां नात शाळेंतील कविता म्हणते आणि आजोबा ती मोबाइलवर उतरवून घेतात. यंत्र सुधारलें; खोली मात्र होती तशीच राहिली. किंबहुना ती पूर्वींपेक्षां बिघडली, असेंच मी म्हणेन. असें कां म्हणतों, तें पुढें येईलच.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. ध्वनिशास्त्राचा पंडित म्हणून मी आपणांपुढें आलेलों नाहीं. एक चूक करून बसलेला आणि ती निस्तरण्यासाठीं थोडीफार धडपड केलेला गृहस्थ म्हणून आलों आहें. तेव्हां ती चूकच आधीं सांगतों.

उमरगे तालुक्यांतील एका खेड्यांत माझी आत्या राहात असे. जात्यावरच्या ओव्यांचें तिचें पाठांतर दांडगें होतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे, चार वाजावयास थोडीं मिनिटें असतां, किल्लारीच्या परिसरांत जो भूकंप झाला, त्यांत तिचें माळवदाचें घर पडलें. ती वांचली, पण तिच्याबरोबर जात्याला हात लावणाऱ्या शेजारणींपैकीं दोघी गेल्या. पुढें ती ओव्या म्हणे तेव्हां, ही ओवी अमकीची, ही तमकीची, असें सांगून म्हणे. त्या ओव्या म्हणजे तिच्या लेखीं नुसतें गाणें नव्हतें. महाराष्ट्रांतील जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें थोर कार्य हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं वर्षानुवर्षें केलें, व त्या संग्रहांत एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. तें वाचून, आपल्या आत्याच्याहि ओव्या उतरवून ठेवाव्यात, असें माझ्या मनानें घेतलें.

तिला मीं धाराशिवास आमच्या घरीं आणलें. तेव्हां तिचें वय ८१ होतें. घरांतील सर्वांत मोठी व स्वच्छ जागा म्हणजे दिवाणखाना. गुळगुळीत फरशी, गिलावा केलेल्या उघड्या भिंती, वर सिमेंटचें छत आणि दोन काचेच्या खिडक्या. पाहुणीला शोभेलशी जागा म्हणून तेथेंच तिला बसविली. तिला संकोच वाटूं नये म्हणून मायक्रोफोन चांगला चार-पांच हात दूर मांडला. दोन दुपारींत साठ ओव्या झाल्या आणि मी मोठ्या समाधानानें तिला गावीं पोंचवून आलों. रात्रीं ऐकावयास बसलों, तों काय! आत्याचा आवाज विहिरींतून यावा तसा येत होता. सूर कळे, शब्द कळेना. 'पाट' म्हणाली कीं 'ताट', 'माळी' कीं 'माडी', अशी जागोजाग शंका.

आपण विचाराल, समोर बसून ऐकतांना हें लक्षांत कसें आलें नाहीं? याचें उत्तर असें कीं, मनुष्याला दोन कान असतात आणि त्यांच्या मागें मन असतें. समोरून येणारा आवाज कोणता आणि भिंतींवरून परतणारा कोणता, याची निवड आपण नकळत करीत असतों. शिवाय बोलणाऱ्याचे ओठ आपणांस दिसतात. एकट्या मायक्रोफोनला अशी निवड करतां येत नाहीं. त्याच्यापाशीं जें येईल तें सारें तो सारख्याच इमानानें लिहून ठेवतो. म्हणून बसण्यास उत्तम ती खोली ध्वनिमुद्रणासहि उत्तम असेल, हा समज सोडून दिला पाहिजे.

आतां खोलींत काय घडतें तें पाहूं. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४५ मीटर या वेगानें जातो. बारा फुटी खोली ओलांडावयास त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. म्हणजे तोंडांतून शब्द निघून एक सेकंद होईपर्यंत तो भिंतींवर शेंकडों वेळां आपटलेला असतो. भिंत मऊ असेल तर प्रत्येक वेळीं त्याची बरीच शक्ति खर्ची पडते. ती गुळगुळीत व कठीण असेल तर फारच थोडी. मग मागच्या अक्षराचा अंश विरण्यापूर्वींच पुढचें अक्षर येऊन त्यांत मिसळतें. यालाच आपण खोली घुमते असें म्हणतों. यांत स्वरांचें फारसें बिघडत नाहीं. ते लांब व जोरकस असतात. मरतात तीं व्यंजनें. क, त, प, स हे ध्वनि क्षणिक आणि दुर्बळ असतात. आधीच्या स्वराच्या घुमाऱ्याखालीं ते गाडले जातात. अर्थ तर बहुतांशीं व्यंजनांवरच उभा असतो. म्हणूनच देवळाच्या गाभाऱ्यांत संथ आरती भारदस्त वाटते आणि तेथेंच कोणी भरभर बोलूं लागला तर कांहीं उमगत नाहीं. विजापूरचा गोलघुमट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणें नको. तेथें एका टाळीच्या अनेक टाळ्या होतात. कौतुक म्हणून तें छान आहे. पण तेथें बसून कोणी ओव्या उतरवून घेणार नाहीं.

खोली पूर्वींपेक्षां बिघडली असें मीं आरंभीं म्हटलें, त्याचा उलगडा येथें होतो. आमच्या मराठवाड्यांतील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन तीन-तीन फूट जाडीच्या. वर लाकूड घालून त्यावर मातीचा थर दिलेलें माळवद. आंत सारवलेली जमीन, एका कोपऱ्यांत कणगी, दुसरीकडे वाकळांचा ढीग आणि वलणीवर कपडे. अशा घरांत आवाज घुमत नसे व बाहेरचा गलका आंत येत नसे. परंतु त्याच जड भिंतींनीं आणि माळवदांनीं १९९३ सालीं झोपेंत असलेल्या हजारों माणसांचे प्राण घेतले. आवाज चांगला लागतो म्हणून तीं घरें परत मागावीं, असें कोणीहि म्हणणार नाहीं. सिमेंटची पक्कीं घरें आलीं तीं योग्यच झालें. मात्र जुन्या घरानें जें काम आपोआप केलें, तें नव्या घरांत आपणांस जाणून बुजून करावें लागतें, एवढेंच माझें म्हणणें.

हें काम मोजूनमापून करतां येतें, हें ज्यानें प्रथम दाखविलें, त्या वॉलेस सेबाइन या अमेरिकन अध्यापकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांतील नवें व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलें. तेथें उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तें सुधारण्याचें काम या तरुण अध्यापकाकडे आलें. त्यानें जवळच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांवरच्या उशा उसन्या आणल्या. रात्रीं सर्वत्र सामसूम झाल्यावर तो बाजाच्या एका नळींतून सूर काढी, तो बंद करी आणि घुमारा ऐकूं येईनासा होईपर्यंतचा वेळ घड्याळानें मोजी. पुन्हां कांहीं उशा मांडी, पुन्हां मोजी. पहाटेपूर्वीं उशा परत पोंचत्या करावयाच्या. अशा शेंकडों रात्रींतून त्याला जें सूत्र सांपडलें, तें आजहि जगभर वापरतात. त्याच्याच सल्ल्यानें बांधलेलें बोस्टनचें संगीतगृह १९०० सालीं उघडलें.

सेबाइननें शोषण मोजण्यासाठीं माप धरलें तें उघड्या खिडकीचें. उघड्या खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं. तेव्हां एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक पूर्ण अंश. गिलावा आणि फरशी यांचें शोषण शंभरांत दोन-तीनच भरतें. सूत्र असें: खोलीचें घनफळ मीटरमध्यें काढावें, त्याला ०.१६१ नें गुणावें, आणि एकंदर शोषणानें भागावें. येणारें उत्तर म्हणजे घुमाऱ्याचा काळ, सेकंदांत.

आपण एक उदाहरण सोडवूं. खोली ३ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब व ३ मीटर उंच. म्हणजे आपली नेहमींची दहा फूट बाय बारा फूट. घनफळ ३२.४ घनमीटर. त्याला ०.१६१ नें गुणल्यास ५.२ येतात. भिंती, छत व जमीन मिळून क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. त्याचें शोषण शेंकडा तीन प्रमाणें जेमतेम १.८. आंत बसलेला मनुष्य, दार व किरकोळ सामान धरून आपण तें २.६ मानूं. ५.२ ला २.६ नें भागलें कीं उत्तर आलें दोन सेकंद. आत्याच्या ओव्या कां बुडाल्या तें या दोन सेकंदांत आलें. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणास अशा लहान खोलींत तृतीयांश सेकंदाच्या आसपास काळ हवा. त्यासाठीं एकंदर शोषण साडेचौदांच्या घरांत पाहिजे. म्हणजे आणखी बारा अंश मिळविले पाहिजेत. चांगला जाड थर आपल्या क्षेत्रफळाच्या शेंकडा ऐंशी शोषण करतो असें धरल्यास १५ चौरस मीटर थर लागेल. खोलीच्या एकंदर पृष्ठभागाचा हा एक चतुर्थांश झाला. सगळी खोली मढविण्याचें कारण नाहीं, हेंहि या हिशेबांतून दिसून येतें.

आतां थर कशाचा? येथें दोन गैरसमज आधीं दूर करूं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे साचे भिंतींवर चिकटविण्याची एक रूढी पडली आहे. ते पातळ व हलके असतात. वरच्या पट्टींतील थोडासा आवाज ते शोषतात, बाकीच्याला हातहि लावीत नाहींत. आणि ठिणगी पडली तर भडकतात मात्र लवकर. दुसरा थर्मोकोल. त्याचे कण बंद असल्यामुळें त्यांत हवा शिरत नाहीं. आणि हवा शिरत नाहीं तेथें ध्वनीचेंहि शोषण होत नाहीं. शोषणाचें मर्म हेंच आहे कीं, हवेची हालचाल तंतूंच्या जाळींत शिरावी आणि घर्षणानें तिची अत्यल्प उष्णता होऊन जावी. म्हणून कोणतेंहि कापड घेतांना तें तोंडाशीं धरून फुंकर घालून पाहावी. फुंकर पलीकडे गेली तर तें कापड कामाचें. अडली तर नव्हे. रेग्झिन या परीक्षेंत नापास होतें, आपलें खादीचें जाडेंभरडें उत्तीर्ण होतें.

थराची जाडी ही दुसरी मुख्य गोष्ट. हजार कंपनांच्या ध्वनीची लहर चौतीस-साडेचौतीस सेंटिमीटर लांब असते. शंभर कंपनांची साडेतीन मीटर. लहरीच्या चतुर्थांशाइतकी खोली थरास मिळाली कीं तो उत्तम काम देतो. यावरून पातळ सतरंजी भिंतीवर टांगली तर तीव्र ध्वनि शोषले जातील, पण खर्जाचे तसेच राहतील, आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होईल, हें उघड आहे. थर चार इंच जाड करून भिंतीपासून आणखी चार इंच दूर ठेवला, तर मधली पोकळीहि फुकट कामास येते.

सामग्री आमच्या भागांत मुबलक आहे. मीं काय केलें तें सांगतों. दिवाणखान्याचा नाद सोडला आणि मागच्या बाजूची दहा-बारा फुटी खोली घेतली. सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद व चार इंच खोल अशा दहा चौकटी करवून घेतल्या. घरांतील जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हां पिंजून घेतला. एका चौकटीला सुमारें तीन किलो लागला. चौकटीच्या पाठीला विरळ तरट, पुढें जाडेंभरडें, मध्यें कापूस, आणि तो खालीं उतरून गोळा होऊं नये म्हणून गादीला घालतात तसे वीत-वीत अंतरावर आरपार टांके. कापूस ठासून भरूं नये. हातानें दाबला तर दबावा आणि सोडल्यावर वर यावा. ज्यांना परवडेल त्यांनीं खनिज लोकरीच्या तयार लाद्या घ्याव्यात. त्या पेटत नाहींत. मात्र त्यांची कुसळें अंगाला व श्वासाला त्रास देतात, म्हणून काम करतांना हातमोजे व तोंडावर फडकें हवें, आणि वर घट्ट विणीचें पण फुंकर जाऊं देणारें कापड हवें.

दहा चौकटींचे साडेसात चौरस मीटर झाले. बाकीच्या निम्म्याची भरपाई घरांतील वस्तूंनीं केली. एक पलंग व त्यावरील जाड गादी. कपड्यांनीं भरलेलें कपाट दारें उघडून. खिडकीवर दुमडून सोडलेला सोलापुरी चादरींचा दुहेरी पडदा. आणि जमिनीवर घोंगडी. दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत कापसाचीं पोतीं एकावर एक रचलीं. कोपऱ्याचें महत्त्व विशेष. खर्जाचे सूर खोलीच्या लांबीरुंदीप्रमाणें ठराविक जागीं सांचतात, आणि कोपऱ्यांत सर्वांत अधिक सांचतात. ज्या खोलीची लांबी, रुंदी व उंची सारखी, तिच्यांत हे सर्व सूर एकाच ठिकाणीं येऊन पडतात. म्हणून चौकोनी पेटीसारखी खोली शक्य तों टाळावी, आणि बोलणाऱ्यानें खोलीच्या अगदीं मध्यावर बसूं नये.

चौकटी कोठें लावाव्यात? एका भिंतीपुढें उभें राहून टाळी वाजवावी. दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्यें टाळीचा 'टर्रर्र' असा आवाज उमटतो. त्या दोहोंपैकीं निदान एक भिंत झांकली कीं तो थांबतो. छताची आठवण पुष्कळांना राहात नाहीं. बसणाऱ्याच्या डोक्यावर दोन चौकटी पक्क्या आंकड्यांनीं टांगाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाची जागा बोलणाऱ्याच्या पाठीमागची. पुष्कळसे मायक्रोफोन पुढचें ऐकतात व पाठीमागचें फारसें ऐकत नाहींत. बोलणारा मायक्रोफोनकडे तोंड करून बसला म्हणजे मायक्रोफोनचें तोंड त्याच्याकडे, अर्थात् त्याच्या मागच्या भिंतीकडे असतें. ती भिंत उघडी ठेवून समोरची मढविणें म्हणजे पाऊस पूर्वेचा असतां पश्चिमेची खिडकी लावणें होय.

यापुढें एक बिनखर्ची उपाय सांगतों. खरें म्हणजे तो प्रथम सांगावयास हवा होता. मायक्रोफोन जवळ घ्या. अंतर निम्में केलें कीं तोंडांतून थेट येणारा आवाज चौपट शक्तीनें पोंचतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. तोंडापासून वीतभर अंतर असावें, मायक्रोफोन किंचित् तिरपा असावा, म्हणजे 'प' आणि 'फ' यांचा वारा त्यावर थेट आदळत नाहीं. मीं आत्यासमोर तो चार-पांच हात दूर ठेवला, ही माझी पहिली चूक. खोली ही दुसरी.

आतां बाहेरच्या आवाजाविषयीं. घुमारा कमी करणें आणि बाहेरचा गलका अडविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि त्यांची गल्लत करणारेच फार. कापसाची चौकट शेजारच्या घरांतील भांडण थांबवीत नाहीं. त्याला पाहिजे वजन आणि बंद फटी. हलक्या पोकळ दाराच्या जागीं भरीव लाकडी दार, चौकटीला रबराची पट्टी, उंबऱ्याशीं फट राहणार नाहीं अशी योजना. जेथून पाणी झिरपेल तेथून आवाज येईल, हा ठोकताळा लक्षांत ठेवावा. पंखा व शीतपेटी त्या वेळेपुरतीं बंद करावीं. एवढें करूनहि रस्त्यावरच्या मोटारींना आणि कर्ण्यांना पूर्ण आळा बसत नाहीं. तेव्हां सर्वांत स्वस्त भिंत म्हणजे वेळ. रात्रीं अकरानंतरची अथवा पहाटेची शांतता विकत घ्यावी लागत नाहीं. जात्यावरच्या ओव्यांची वेळ तरी पहाटेचीच नव्हे काय?

निगेबद्दल दोन शब्द. कापूस पेट घेतो. चौकटीमागून विजेची तार नेऊं नये, बटणांच्या फळीजवळ ती टांगूं नये, आणि त्या खोलींत उदबत्ती, निरांजन वा विडी कदापि नको. घोंगडीला कसर आणि पोत्यांना उंदीर लागतात; वर्षांतून दोनदां सारें उन्हांत घालावें व कडुनिंबाचा पाला घालावा. लाकूड भिंतीला चिकटूं दिलें नाहीं तर वाळवीची भीति कमी होते.

आतां राहिली आत्याची गोष्ट. खोली तयार होण्यास वर्ष गेलें. मग मीं तिला पुन्हां आणलें, घोंगडीवर बसविली, मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवला. या वेळीं प्रत्येक अक्षर स्वच्छ उतरलें. श्वास घेतलेलाहि ऐकूं येतो. परंतु एका वर्षांत तिची स्मृति उतरली होती. साठांपैकीं त्रेचाळीस ओव्या आल्या. राहिलेल्या मीं पुन:पुन्हां विचारूं लागलों, तेव्हां ती जराशी रागावूनच म्हणाली, "आरं, तुझ्या डबीत हाईत न्हवं त्या? मग मला कशाला इचारतूस?" मी काय उत्तर देणार? त्या डबींत होत्या खऱ्या. पण दिवाणखान्याच्या घुमाऱ्यांत.

पुढील वर्षीं आत्या वारली. पहिलें ध्वनिमुद्रण कानाला लावून, गांवांतील तिच्या वयाच्या दोघींना ऐकवून, आम्हीं आणखी सहा ओव्या जुळविल्या. अकरा राहिल्या. त्यांचा सूर आहे, शब्दांची खात्री नाहीं. त्यांपैकीं चार तरी भूकंपांत गेलेल्या त्या दोघींच्या आहेत, एवढें मला पक्कें माहीत आहे, कारण ओवीपूर्वीं आत्यानें घेतलेलीं त्यांचीं नांवें तेवढीं स्पष्ट ऐकूं येतात.

श्रोतेहो, आपल्या घरांतहि कोणी आजी, कोणी आजोबा असतील. त्यांच्यापाशीं गाणीं असतील, म्हणी असतील, घराण्याची हकीकत असेल. दहा चौकटी करण्याची सवड नसेल तर नसो. आज रात्रींच कपड्यांचें कपाट उघडा, त्याच्यापुढें त्यांना पाठ करून बसवा, दोन्ही बाजूंस दोन गाद्या उभ्या करा, खालीं घोंगडी घाला, पंखा बंद करा आणि यंत्र वीतभर अंतरावर धरा. मिनिटभर बोलून घ्या व लगेच ऐकून पाहा. शब्द कळत असतील तरच पुढें जा. मीं ऐकून पाहिलें तें रात्रीं, तिला गावीं पोंचवून आल्यावर. आपण तें तिच्या समोरच ऐका.